शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

घरात कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले म्हणजे भावकीतले लोक आणि शेजारीपाजारी भेटीला येतात. येणारा खाटेजवळ बसतो, जेवण जाते का, झोप लागते का, औषध कोणाचे चालू आहे, अशी चौकशी करतो आणि चहा घेऊन उठतो. तो चहा जिने करून आणला, जी रात्री चार वेळा उठली आणि पहाटे गोठ्यातही जाऊन आली, तिला मात्र कोणी विचारीत नाही की, बाई, तुला झोप लागते का? आणि कोणी विचारलेच तर ती म्हणते, 'माझं काय, मी चांगली धडधाकट आहे.' हे उत्तर ती मनापासून देते, पण ते पुष्कळदा खरे नसते. चारसहा महिन्यांनी तिची कंबर धरते, जेवणावरची वासना उडते, आणि ज्या माणसासाठी ती जीव टाकते त्याच माणसावर ती एखाद्या दिवशी खेकसते. मग रात्रभर रडते. आजारी माणसाचे दुखणे सर्वांना दिसते. हे दुसरे दुखणे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हा अनुभव घरोघरचा आहे. कर्ती मुले मुंबईला किंवा पुण्याला, घरी वृद्ध माणसे, आणि त्यांच्याजवळ राहिलेले एकच माणूस. ते बहुधा सून, मुलगी किंवा बायको असते, क्वचित मुलगाही असतो. औषधोपचार सुधारले, माणसे अधिक जगू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश यांसारखी वर्षानुवर्षे रेंगाळणारी आजारपणेही घरात आली. चार दिवसांचा ताप असला तर माणूस जागरणावर निभावून नेतो. चार वर्षांचे दुखणे जागरणावर निभत नाही. त्याला काही निराळा विचार लागतो.

तो विचार शोधण्यासाठी आम्ही येथे बौद्ध परंपरेकडे वळत आहो, याला दोन कारणे आहेत. एक तर ही परंपरा या तालुक्यांना परकी नाही. तिची घरे आपल्या डोंगरांत कोरलेली आहेत. दुसरे असे की, आजारी माणूस आणि त्याची सेवा करणारा माणूस या दोघांचा एकत्र विचार या परंपरेने फार बारकाईने केला आहे. आपल्या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनीही वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानले. बौद्ध ग्रंथ त्यापुढे जाऊन परिचारकाच्या मनात काय चालते, हेही विचारतात.

डोंगरातली घरे

जुन्नरच्या आसपास शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात इतरत्र आढळत नाहीत. त्यांचे खोदकाम सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत चालले होते. गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेलेल्या भाविकाला हे ठाऊक असते की, गणपतीचे स्थान असलेले सातव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मूळचा भिक्षूंचा विहार होय. मधल्या मोठ्या दालनाभोवती लहान लहान खोल्या आहेत, आणि पलीकडे सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या एका हेरण्यिकाच्या, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्या गृहस्थाच्या मुलाने, सुलसदत्ताने, दान दिले असे तेथील लेख सांगतो.

या लेखांतून दानांची जी यादी निघते ती आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी एक मंडप आणि पोढी दिली. ध्यानधारणेसाठी डोंगरात गेलेल्या माणसांना लोकांनी काय दिले, तर पाणी दिले, जेवायला बसण्याची जागा दिली, निजायला खोली दिली. मन स्थिर ठेवायचे तर आधी देहाची सोय लागते, हे देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना दोघांनाही समजत होते. खोल्यांतील दगडी बाके आजही शाबूत आहेत. दिवसभर भिक्षेसाठी हिंडून आलेल्या माणसाने पाठ टेकावी म्हणून छिन्नीने तासून काढलेली ती जागा पाहिली, म्हणजे विश्रांतीला कमीपणा मानणारा आपला आजचा समज किती अलीकडचा आहे, असे वाटू लागते.

पण घरदार सोडून अशा डोंगरात राहणारा भिक्षू आजारी पडला तर त्याचे कोण करणार? आई मागे राहिली, बहीण मागे राहिली, बायको मागे राहिली. हा प्रश्न बुद्धाच्या हयातीतच उभा राहिला होता.

आजारी भिक्षूची गोष्ट

विनयपिटकाच्या महावग्गात ती हकीकत आली आहे. बुद्ध एकदा आनंदाला बरोबर घेऊन भिक्षूंच्या राहण्याच्या जागा पाहत हिंडत होते. एका ठिकाणी पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यांना आढळला. तुझी सेवा करायला कोणी नाही काय, असे विचारता तो नाही म्हणाला. का नाही, असे विचारता त्याने सांगितले की, मी कधी कोणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून माझे कोणी करीत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला पाठविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजविले.

यानंतर त्यांनी संघाला एकत्र बोलाविले. येथे तुमचे करायला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर करील कोण, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हेही त्यांनी तेथेच सांगितले. या प्रसंगाचा हा भाग पुष्कळांना माहीत असतो. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. बुद्धांनी लगेच व्यवस्था लावून दिली. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने करावे. तो नसेल तर आचार्याने, शिष्याने, सोबत राहणाऱ्याने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावे. संघ न करील तर तो दोष मानला जाईल. म्हणजे सेवा ही एका दयाळू माणसाच्या गळ्यात पडणारी गोष्ट राहिली नाही. तिची जबाबदारी क्रमाने वाटली गेली आणि त्या क्रमाच्या शेवटी सर्व समाज उभा केला गेला.

त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे; पथ्य काय, अपथ्य काय हे त्याला कळावे; त्याने लोभाने न करता मैत्रीच्या भावनेने करावे; मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये; आणि अधूनमधून चार बोधाच्या गोष्टी सांगून त्याला आजाऱ्याचे मन प्रसन्न करता यावे. ही यादी सोपी नाही. परंतु तिच्यात झोपू नये, जेवू नये, स्वतःचा जीव झिजवावा, असे कोठेही म्हटलेले नाही. आपण मात्र चांगल्या सेवेचे माप उपासतापास आणि जागरणे यांवरूनच काढतो.

आणि दुसरी बाजूही बुद्धांनी सोडली नाही. ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रोग्याचीही पाच लक्षणे त्यांनी सांगितली. तो पथ्य करीत नाही, पथ्यातही प्रमाण पाळीत नाही, औषध घेत नाही, सेवा करणाऱ्याला दुखणे वाढले की उतरले हे खरे सांगत नाही, आणि वेदना सोशीत नाही. आजाऱ्यालाही काही कर्तव्य आहे, हे येथे स्पष्ट झाले. शुद्धीवर असलेल्या रोग्याने आपल्या माणसाला रात्री कारणाशिवाय उठवू नये, दुखते ते खरे सांगावे, आणि केलेल्याची जाण ठेवावी, एवढे मागणे अवाजवी नाही. ज्याची बुद्धीच आजाराने हरपली आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही, आणि म्हणूनच त्याची सेवा करणाऱ्याला इतरांचा आधार दुप्पट लागतो.

औषधांच्या बाबतीत विनयपिटकाने ज्या फळांची परवानगी दिली त्यांत हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही आहेत. काविळीच्या रोग्याला गोमूत्रातला हिरडा द्यावा, असाही एक उल्लेख आहे. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी रानातून बाळहिरडा गोळा करतात. तो हिरडा या जुन्या यादीतलाच आहे. आजच्या डॉक्टरांची औषधे सोडून कोणी त्याच्यामागे लागावे असा याचा अर्थ नाही. रोग्याला जे लागते ते आजूबाजूच्या माणसांनी मिळून पुरवावे, एवढेच आम्हाला त्यातून दाखवायचे आहे.

विष्णुदत्तेची ठेव

अशी सामुदायिक सोय महाराष्ट्रात प्रत्यक्ष होती काय? तिचा पुरावा जुन्नरहून काही मजलांवर, नाशिकच्या पांडवलेण्यांत, दगडावर कोरलेला आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने हा लेख कोरविला. ती शकांच्या कुळातील, अग्निवर्म्याची मुलगी, रेभिल नावाच्या गणपकाची, म्हणजे हिशेबनिसाची, बायको आणि विश्ववर्मा याची आई होती. त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात चारी दिशांकडून येऊन राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे म्हणून तिने अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम ठेवून व्याज वापरायची ठेव, गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण, पाणयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २०००, आणि आणखी काही रकमा तेली वगैरे दुसऱ्या श्रेणींकडे.

या लेखाचा विचार करण्यासारखा भाग असा की, विष्णुदत्तेने एका ओळखीच्या आजाऱ्याला औषध दिले नाही. तिने न पाहिलेल्या, पुढे कधी तरी आजारी पडणाऱ्या माणसांसाठी सोय केली, आणि ती एका माणसाच्या भलेपणावर न सोडता अनेक श्रेणींवर वाटून ठेवली. एक श्रेणी बुडाली तरी दुसरी देईल. घरातल्या सेवेलाही हाच नियम लागू करता येतो. सारे ओझे एका खांद्यावर ठेवलेले घर त्या खांद्याबरोबर बसते.

बांबूवरचा खेळ

येथवर आम्ही बाहेरच्या व्यवस्थेविषयी बोललो. पण सेवा करणाऱ्याने स्वतःच्या मनाचे काय करावे? याचे उत्तर देणारा बुद्धांचा एक दृष्टांत संयुत्तनिकायात आहे आणि तो आपल्याकडच्या जत्रेत डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्या कोणालाही चटकन समजेल.

एक बांबूवरचा खेळ करणारा होता. त्याने बांबू उभा केला आणि आपल्या शिष्याला खांद्यावर चढविले. तो शिष्याला म्हणाला, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. असे एकमेकांना सांभाळून आपण खेळ करू, पैसे मिळवू आणि सुखरूप खाली उतरू. शिष्याला हे पटले नाही. तो म्हणाला, तसे नव्हे. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, म्हणजेच आपण दोघे सुखरूप उतरू. बुद्धांनी शिष्याची रीत बरोबर ठरविली. मग त्यांनी त्याला एक पुस्ती जोडली. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. पहिले कशाने होते? सावधपणे आपल्या देहाकडे आणि मनाकडे पाहण्याच्या अभ्यासाने. दुसरे कशाने होते? सोशिकपणा, अहिंसा, मैत्री आणि दया यांनी.

हा दृष्टांत आम्हाला या सर्व विषयाची किल्ली वाटतो. वर चढलेला शिष्य खालच्या माणसाच्या काळजीने वाकून पाहू लागला तर दोघेही कोसळतील. त्याने आपला तोल सांभाळणे हीच त्या क्षणी दुसऱ्याची सेवा आहे. पक्षाघात झालेल्या सासूला उचलताना सुनेने आधी आपले पाय नीट रोवले नाहीत, तर सासू पडेल आणि सुनेची कंबरही जाईल. देहाच्या बाबतीत हे सर्वांना पटते. मनाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. आपल्याला राग येऊ लागला आहे हे ज्याला आतल्या आत कळते, तो दोन मिनिटे अंगणात जाऊन उभा राहतो, चार श्वास सावकाश घेतो आणि परत येतो. ज्याला ते कळत नाही त्याचा राग खाटेवरच्या माणसावर निघतो. तेव्हा अंगणातली ती दोन मिनिटे सेवेतून चोरलेली नसतात. ती रोग्याच्याच कामी आलेली असतात.

बाण एक, की दोन?

सेवा करणाऱ्याच्या मनाला जे टोचते त्याचे बौद्ध ग्रंथांत दोन भाग केले आहेत. बुद्ध म्हणतात की, एखाद्याला एक बाण लागावा आणि पाठोपाठ दुसरा लागावा, तसे सामान्य माणसाचे होते. पहिला बाण देहाच्या दुःखाचा. दुसरा त्या दुःखावर मनाने केलेल्या शोकाचा. शहाण्या माणसाला पहिला बाण लागतोच, पण दुसरा लागत नाही.

आईला पक्षाघात झाला, हा पहिला बाण. तो कोणाला चुकविता येत नाही, आणि त्याचे दुःख होऊ नये असेही कोणी म्हणत नाही. परंतु 'मी त्या दिवशी लवकर दवाखान्यात नेले असते तर', 'माझ्याच नशिबी हे का', 'काल मी तिच्यावर ओरडलो, मी वाईट मुलगा आहे', ही सगळी दुसऱ्या बाणाची टोके होत. त्यांनी आईचे दुखणे तिळभरही कमी होत नाही. सेवा करणाऱ्याचे बळ मात्र जाते. हा दुसरा बाण उपटण्याची रीत बुद्धांनी सांगितली ती साधी आहे. विचार आला की, हा विचार आला, एवढे ओळखावे. त्याच्याशी भांडू नये आणि त्याच्यामागे धावूही नये. सवयीने हे जमते, एका दिवसात जमत नाही.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणतात. विसुद्धिमग्ग या ग्रंथात बुद्धघोषाचार्यांनी त्यांचे विवेचन करताना प्रत्येक भावनेचा एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखायला सोपा. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक, आणि तो करुणेसारखाच दिसत असल्यामुळे घरात बेमालूम शिरतो. रोग्याजवळ बसून आपणही दिवसभर रडत राहणे ही करुणा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बुडणाऱ्याला काढायला गेलेल्याने स्वतःही गटांगळ्या खाव्यात, तसा तो प्रकार आहे. त्याच ग्रंथात मैत्रीची भावना प्रथम स्वतःविषयी करावी आणि मग प्रिय माणसाकडे, त्रयस्थाकडे आणि शत्रूकडे न्यावी, असा क्रम दिला आहे. ज्याला आपले स्वतःचे सुख हवेसे वाटणे म्हणजे काय हे कळते, त्यालाच दुसऱ्याच्या सुखाची किंमत कळते.

उपेक्षा या शब्दाने मात्र मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव आहे. आपण उपेक्षा म्हणजे हेळसांड समजतो. बौद्ध परिभाषेत तिचा अर्थ समतोल दृष्टी असा आहे, आणि अज्ञानातून आलेली बेफिकिरी हा तर तिचा जवळचा शत्रू म्हटला आहे. बुद्धघोषांनी चार मुलांच्या आईचा दाखला दिला आहे. तान्ह्या मुलाविषयी तिला मैत्री वाटते, आजारी मुलाविषयी करुणा, भरज्वानीतल्या मुलाविषयी मुदिता, आणि आपला संसार आपण पाहणाऱ्या मुलाविषयी उपेक्षा. शेवटच्या मुलावर तिचे प्रेम कमी नसते; त्याच्या गोष्टी आता त्याच्या हाती आहेत, हे ती जाणते. सेवा करणाऱ्यालाही कधी तरी हे जाणावे लागते. औषध वेळेवर देणे आपल्या हाती आहे. गुण येणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. हे न मानणारा माणूस प्रत्येक बिघाडाला स्वतःचा अपराध समजतो आणि झुरतो.

प्रमाणाचाही एक दाखला सांगून टाकतो. सोण नावाचा भिक्षू चालत ध्यान करता करता इतका हट्टाला पेटला की, त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर? तो समजला. सेवेचेही तसेच आहे. ताणलेल्या तारेतून बेसूर निघतो, आणि तो बेसूर रोग्याला सर्वांत आधी ऐकू येतो.

संसारी माणसाचे काय?

येथे कोणी विचारील की, ज्याने स्वतः बायकोमुलाला सोडून अरण्य गाठले त्याने संसारी माणसाला हे सांगावे काय? आक्षेप योग्य आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. परंतु त्याच परंपरेने नकुलमाता आणि नकुलपिता या गृहस्थाश्रमी जोडप्याची आठवण जपली आहे. भग्गांच्या देशात राहणारा नकुलपिता मरणाच्या दारी पोचला असता त्याची बायको त्याच्याजवळ बसून त्याला म्हणाली की, मनात काळजी ठेवून प्राण सोडू नका. तुमच्या मागे मुलांचे कसे होईल असे वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते. मी घर चालवीन. अशा एकेका चिंतेला तिने शांतपणे उत्तर दिले, आणि तो त्या दुखण्यातून उठला, असे कथा सांगते. बुद्धांनी नंतर त्याला सांगितले की, अशी हितचिंतक बायको लाभली हा तुझा मोठा लाभ होय.

नकुलमातेकडे हे धैर्य कोठून आले? तिच्या हाताला काम होते आणि मनाला अभ्यास होता. नवऱ्याच्या आजारात तिने स्वतःला पुसून टाकलेले नव्हते. ज्या बाईचे माहेर तुटले, शेतावर जाणे थांबले, मैत्रिणी सुटल्या, भजनाला जाणे बंद झाले, तिच्याकडून नकुलमातेच्या धैर्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिला अधूनमधून बाहेर जाऊ देणे हा चैनीचा भाग नाही, धैर्याची शिदोरी आहे.

परिचारकाचा मान

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. महावग्गात अशीही हकीकत आहे की, एका आजारी भिक्षूची सेवा दोघांनी केली आणि तो भिक्षू वारला. तेव्हा त्याचे पात्र आणि चीवरे संघाने त्या सेवा करणाऱ्यांना द्यावीत, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत, असा निर्णय बुद्धांनी दिला. चिंध्यांची ती वस्त्रे असतील, पण साऱ्या संघासमोर ती दिली जात आणि सेवेची नोंद होई.

आपल्याकडे पुष्कळदा उलट घडते. माणूस गेला की, जिने वर्षानुवर्षे केले तिलाच जाब विचारला जातो. मोठ्यांच्या घरीही हे चुकले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आणि डॉ. शारदा कबीर यांचा, म्हणजेच सविताबाईंचा, विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि मधुमेहाने व इतर व्याधींनी जर्जर झालेल्या बाबासाहेबांची शुश्रूषा त्यांनी अखेरपर्यंत केली. त्याच काळात 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ लिहून झाला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाल्यावर सविताबाईंवर संशय घेण्यात आला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी पुढची अनेक वर्षे त्यांना समाजापासून दूर राहावे लागले. जिच्या हातून औषध गेले तिच्याकडेच बोट दाखविण्याची ही रीत गावोगाव आहे, आणि सेवा करणाऱ्याच्या मनातील भीतीचे ते एक मोठे कारण आहे. मैत्री ही करुणेच्याही पुढची पायरी आहे, असे बाबासाहेबांनी त्या ग्रंथात आवर्जून सांगितले आहे. त्या मैत्रीत परिचारकाचाही वाटा धरला पाहिजे.

आता काय करावे?

एवढ्या विवेचनानंतर घरी जाऊन काय करावे, हे सांगितले नाही तर ते कोरडे पांडित्य होईल. सेवा करणाऱ्याने रोज थोडा वेळ, पाव घटका का होईना, शांत बसून श्वासाकडे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. त्याला खर्च नाही आणि धर्म बदलावा लागत नाही. जेवण रोग्याच्या उरलेल्या वेळी न उरकता वेळेवर करावे. दुसरा बाण ओळखायला शिकावे. स्वतःचे दुखणे अंगावर काढू नये. मन दिवसेंदिवस उदास राहू लागले, जीव नकोसा वाटू लागला, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे. मनाच्या दुखण्यालाही आज चांगले उपचार आहेत. आणि 'माझं काय' हे उत्तर देण्याचे सोडून, 'दोन रात्री कोणी तरी येऊन बसा' असे स्पष्ट मागावे. मागण्यात कमीपणा नाही. डोंगरातले भिक्षू रोज पात्र घेऊन गावात मागायलाच उतरत होते.

परंतु ज्या बाईला एक घोट पाणी प्यायला सवड नाही तिला तुझी तू काळजी घे, असा नुसता उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. म्हणून खरे काम इतरांचे आहे. भावांनी आणि नणंदांनी पाळ्या लावून घ्याव्यात. ज्याला येणे शक्य नाही त्याने पैसे पाठवून रात्रीपुरते माणूस ठेवावे. गावातल्या भजनी मंडळाने, बुद्धविहाराने, बचत गटाने आपल्या गावात आज अशी किती घरे आहेत याची यादी करावी आणि आठवड्यातून एक दुपार तरी त्या घरातल्या सेवा करणाऱ्या माणसाला मोकळी करून द्यावी. विष्णुदत्तेने जे नाण्यांनी केले ते आपल्याला दुपारींनी करता येईल.

लेण्याद्रीला पुढच्या वेळी जाल तेव्हा गणपतीचे दर्शन झाल्यावर बाजूच्या लहान खोल्याही पाहा, आणि कातळातल्या टाक्यांशी क्षणभर थांबा. ती टाकी एकेकट्याने आपापल्यासाठी खोदली नव्हती. देणाऱ्याने सर्वांसाठी दिली आणि ज्याला तहान लागेल तो तिथे जाई. आणि परत येताना वाटेवर ज्या घरी कोणी आजारी असेल तेथे जरूर डोकावा. खाटेवरच्या माणसाची चौकशी करा. मग चहा घेऊन येणाऱ्या बाईला खाली बसायला सांगा, आणि तिला झोप लागते का ते विचारा.